साठीनंतर व्हायोलिन शिकवताना: रोजचा रियाज आणि दिवसाची आखणी

साठी ओलांडलेल्या व्हायोलिन शिक्षकांची एक तक्रार ठरलेली असते: दिवसभर वाद्य हातात असतं, तरी स्वतःचा हात उतरत चालला आहे. दोष रियाजाला न मिळणाऱ्या वेळेवर जातो. खरं तर वाजवणं कमी होत नाही, उलट जास्तच होतं. पण ते तुकड्यातुकड्यांनी, थंड हाताने आणि मान वळवून होतं. पाच विद्यार्थ्यांना प्रत्येकी दहा मिनिटं वाजवून दाखवलं तरी पाऊण तासाच्या वर हात चालला, आणि ही मिनिटं कुणीच मोजत नाही. म्हणून या वयात आधी हात आणि कान यांचा रोजचा कोटा ठरवायचा आणि मग त्यात रियाज आणि तास बसवायचे.

कोटा कसा ठरवायचा

आठवडाभर एका वहीत फक्त मिनिटं लिहा: रियाजाची वेगळी, तासात वाजवून दाखवल्याची वेगळी. शेजारी दुसऱ्या दिवशी सकाळची एक नोंद करा. उठल्या उठल्या मूठ पूर्ण वळते का? अंगठा करंगळीच्या मुळाशी पोचतो का? डावा हात कोपरातून बाहेरच्या अंगाला वळवून तळहात तोंडाकडे आणताना खांदा ओढतो का? या तिन्हींपैकी एखादी गोष्ट नेहमीपेक्षा जड गेली, तर आदल्या दिवशीचा आकडा तुमच्या मर्यादेच्या वर होता असं धरा. दोन-तीन आठवड्यांत तुमचा स्वतःचा आकडा हाती येतो.

सुरुवातीला अंदाज हवा असेल तर साठ ते सत्तर या वयात, काही दुखत नसताना, रियाज आणि प्रात्यक्षिक मिळून दोन ते अडीच तास धरा. सत्तरीनंतर दीड ते दोन. तास जास्त असतील त्या दिवशी रियाज कमी करायचा. वाढवायचा तर मुळीच नाही. शिक्षक नेमकं उलट करतात: दिवस भरगच्च गेला की रात्री 'आपलं काहीच झालं नाही' म्हणून तासभर बसतात, आणि बोटांचे सांधे सकाळी त्याची वसुली करतात.

वाद्य उचलण्याआधी

उठल्यावर किमान पाऊण तास वाद्याला हात लावू नका. वयोमानाने झिजलेल्या सांध्यांचा सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. त्याआधी बोटांवर जोर दिला की भार सांध्याभोवतीचे स्नायुबंध घेतात. मनगटापर्यंत हात तीन-चार मिनिटं कोमट पाण्यात ठेवा आणि पाण्यातच बोटं हलवा. पाणी गरम नको, त्याने हात सैल पडल्यासारखे वाटतात आणि सुजेची प्रवृत्ती असेल तर सूज वाढते.

मग पाच मिनिटं वाद्याविना. खांद्याची पाती मागे-खाली ओढून तीन सेकंद धरायची, दहा वेळा. हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे नेऊन पाच सेकंद थांबायचं, सहा वेळा; चिन रेस्टवर (वाद्यावरच्या हनुवटी टेकवायच्या आधारावर) वर्षानुवर्षं पुढे गेलेल्या मानेला याची गरज सगळ्यात जास्त असते. शेवटी बोटांच्या पाच स्थिती: सरळ बोटं, आकड्यासारखी वाकवलेली, पूर्ण मूठ, तळहातापासून काटकोनात सरळ, आणि टोकं तळहातावर टेकलेली सपाट मूठ. प्रत्येकी पाच वेळा, सावकाश. यात कंडरा आपापल्या नळ्यांतून पूर्ण लांबीने सरकतात.

पहिली बैठक: पंचवीस मिनिटं

ही बैठक तास सुरू होण्याआधीच व्हायला हवी. दिवसातलं पहिलं वाजवणं विद्यार्थ्यासमोरचं प्रात्यक्षिक असेल तर पुढचा सगळा दिवस थंड हाताने जातो.

सूर लावताना बोटं दुखत असतील तर आधी खुंट्यांकडे बघा. खुंटी अडकत असेल तर तिला खुंटीची पेस्ट हवी, घसरत असेल तर फिरवताना आत दाबायला हवं. अंगठ्याच्या मुळाशी झीज असलेल्यांनी गिअरच्या खुंट्या बसवून घ्याव्यात. त्यांच्या एका प्रकारात बाहेरची मूठ चार फेरे फिरते तेव्हा तार गुंडाळणारा भाग एकच फेरा घेतो, त्यामुळे चिमटीचा जोर फारच कमी लागतो.

आता लांब गज. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) साठवर, म्हणजे सेकंदाला एक ठोका. जाड ते बारीक अशा जी, डी, ए, ई या चार तारांपैकी सुरुवात डी तारेपासून करा, कारण त्या तारेवर उजवा हात ना फार वर असतो ना फार खाली. एका दिशेला चार ठोके, आठ गज. मग ए, मग ई, आणि जी सगळ्यात शेवटी: जी तारेवर कोपर सर्वांत वर जातं आणि गरम न झालेल्या खांद्याला तेच टोचतं. त्यानंतर डी आणि ए तारांवर आठ ठोक्यांचे चार-चार गज. बारा ठोक्यांचे एखाद-दुसरे चालतील. वीस ठोक्यांचा गज ओढून दाखवण्याची हौस या वयात सोडून दिलेली बरी.

लांब गजात मध्यावर थरकाप येणं ही बहुतेकांची अडचण. गज थरथरतो तेव्हा आपण तो आणखी हळू ओढतो आणि आणखी घट्ट धरतो. दोन्हींनी थरकाप वाढतो. उजवा अंगठा सरळ ताठ झालेला असतो, त्याचं पेर बाहेरच्या बाजूला वाकलेलं राहायला हवं. करायचं असं: ठोके आठवरून चारवर आणा, गज घोडीपासून (तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडापासून) थोडा दूर, बोटांच्या पट्टीकडे घ्या, केसांची पूर्ण रुंदी तारेवर टेकवा आणि गज सुरू करताना श्वास सोडा. चार ठोक्यांना थरकाप गेला की पाच, मग सहा. पण पेला उचलताना किंवा सही करतानाही हात थरथरत असेल तर हा प्रश्न गजाचा नाही, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. मंचावरच्या थरथरीवर काहीजण नाडी मंद करणारी बीटा-ब्लॉकर गोळी घेतात. दमा असेल किंवा नाडी मुळातच मंद असेल तर ती धोक्याची ठरू शकते. ऐकीव माहितीवर घेऊ नये.

डाव्या हाताला आठ मिनिटं, आणि त्यात एकच गोष्ट शोधायची: तार दाबायला कमीत कमी किती वजन लागतं. ए तारेवर पहिलं बोट नुसतं टेकवा. गज ओढला की शिट्टीसारखा फुटका आवाज येईल. चार ठोक्यांच्या गजात बोटाचं वजन हळूहळू वाढवत न्या. ज्या क्षणी सूर स्वच्छ होतो तिथेच थांबा. तेवढंच वजन पुरेसं असतं. अनेक वर्षं वाजवलेल्या हाताला त्याच्या दुप्पट दाबायची सवय असते. तरुण हाड ते सोसतं, साठीतलं नाही. चारही बोटांवर हे केल्यावर मगच स्वरांचे पलटे किंवा दोन सप्तकांचे स्केल घ्या. तीन सप्तकं एक दिवसाआड. करंगळी टेकताना बाकीची तीन बोटं तारेवर दाबून धरण्याचा जुना नियम सोडून द्या, ती वर हलकी राहू द्या. करंगळीचा सांधा आत कोसळत असेल तर कोपर थोडं उजवीकडे, वाद्याखाली आणा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

उरलेली चार मिनिटं व्हायब्रॅटोला, म्हणजे बोट हलवून सुराला दिलेल्या हेलकाव्याला. कानाला गोड वाटणारा व्हायब्रॅटो सेकंदाला साधारण पाच ते सात हेलकाव्यांचा असतो. वय वाढलं की तो मंद आणि रुंद होतो, आणि ऐकणाऱ्याला सूर डगमगल्यासारखा वाटतो. वाजवणाऱ्याला स्वतःला हे कळत नाही, म्हणून महिन्यातून एकदा फोनवर रेकॉर्ड करून ऐका. मेट्रोनोम साठवर ठेवून दुसऱ्या बोटाने एका ठोक्यात दोन हेलकावे, मग तीन, चार, पाच, जमलं तर सहा. वेग वाढवताना रुंदी कमी करायची. पाचावर अडकत असाल तर डावा अंगठा मानेला चिमटा घेत असतो. अंगठा क्षणभर पूर्ण सोडून वाजवून बघा.

दुसरी बैठक: वीस मिनिटं, रचनांसाठी

पहिल्या बैठकीनंतर किमान अर्ध्या तासाने. इथे स्वतःची एक रचना आणि त्या आठवड्यात शिकवायच्या रचनांमधल्या अडचणीच्या जागा. पूर्ण रचना रोज वाजवू नका. चार-चार मात्रांचे तीन तुकडे निवडा आणि आलटून पालटून घ्या: पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला. एकाच तुकड्यावर वीस मिनिटं घासण्यापेक्षा असं केलेलं दुसऱ्या दिवशी जास्त टिकतं, आणि एकाच स्नायूवर सलग भारही येत नाही. पाठांतर करताना शेवटचा तुकडा आधी पक्का करा.

पंचविसाव्या वर्षी लिहिलेली बोटांची योजना खोडायला संकोच करू नका. बोट ताणून पोचण्याऐवजी हात सरकवून पोचा. सलग सप्तकं, लांब ताणाच्या दुहेरी तारा आणि करंगळीवरचा दीर्घ स्वर या तीन जागा सगळ्यात आधी बदला. विद्यार्थ्याच्या वहीत मात्र त्याच्या हाताला योग्य तीच बोटं लिहायची. आपली सोयीची बोटं नकळत त्याच्या हातात उतरतात.

कान

व्हायोलिन डाव्या कानाच्या अगदी जवळ वाजतं. जोरात वाजवताना त्या कानाशी ८५ ते ९५ डेसिबल आवाज सहज होतो. कामाच्या ठिकाणच्या प्रचलित मापाने ८५ डेसिबल आठ तास चालतं आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. तुमच्या हिशेबात विद्यार्थ्यांचे आवाजही येतात.

संगीतकारांसाठीचे कानातले प्लग सगळ्या पट्ट्यांचा आवाज सारखाच कमी करतात. साधे फोमचे प्लग वरचे स्वर जास्त खातात आणि सूर बोथट ऐकू येतो. रियाजाला ९ किंवा १५ डेसिबलचा प्लग, फक्त डाव्या कानात, पुरतो. बसण्याची जागाही बदला: विद्यार्थी तुमच्या उजव्या हाताला, दीड-दोन मीटरवर उभा करा, म्हणजे थकलेला डावा कान त्याच्यापासून लांब राहतो.

वयाने आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी होतं. ई तारेवर विद्यार्थी खरखरीत वाजवतो आणि शिक्षकाला ते गुळगुळीत वाटतं, ते यामुळे. कधी कधी तर एकच स्वर दोन कानांना थोडा वेगवेगळ्या उंचीचा ऐकू येतो. अशा वेळी डोळ्यांची मदत घ्या. डी तारेवर तिसऱ्या बोटाने जी स्वर अचूक लावला की शेजारची मोकळी जी तार आपोआप थरथरते, तिच्या कडा पुसट दिसतात. स्वर जरासा हलला की ती तार स्थिर होते. ए तारेवरच्या तिसऱ्या बोटाच्या डी ला मोकळी डी, ई तारेवरच्या ए ला मोकळी ए असाच जबाब देते. ही परीक्षा विद्यार्थ्यालाही दाखवा, त्याचा तुमच्या कानावरचा भार कमी होतो.

ट्यूनर (सुराची उंची मोजणारं यंत्र) वापरताना एक लक्षात ठेवा. ए ४४० वर लावून बाकी तारा शुद्ध पंचमात मिळवल्या तर ट्यूनरचा काटा ई ला दोन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर, डी ला दोन सेंट खाली आणि जी ला चार सेंट खाली दाखवेल. ती चूक नाही. ट्यूनर समान अंतरांचं सप्तक मोजतो. सा-प-सा-प असं लावणाऱ्यांना तर पंचम शुद्धच हवा, त्यांनी ट्यूनरवर एकच तार मिळवून बाकीच्या तंबोऱ्यावर मिळवाव्यात.

श्रवणयंत्र असेल तर ते बोलण्यासाठी बसवलेलं असतं. लांब गजाचा एकसारखा सूर त्याला यंत्राची शिट्टी वाटते आणि ते तो दाबू पाहतं, सूर गरगरतो. श्रवणतज्ज्ञांकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकून घ्या आणि शिट्टी दाबण्याची सोय त्यात बंद किंवा अगदी कमी ठेवायला सांगा. तपासणीला जाताना वाद्य बरोबर न्या.

डोळे

म्युझिक स्टँड डोळ्यांपासून ६० ते ७५ सेंटिमीटरवर असतो, वाचायचा चष्मा मात्र ३५-४० सेंटिमीटरसाठी असतो. प्रोग्रेसिव्ह भिंगांत जवळचा भाग खाली येतो, म्हणून हनुवटी वर करून बघावं लागतं आणि मान आखडते. स्टँडचं अंतर फूटपट्टीने मोजून फक्त त्याच एका अंतराचा चष्मा वेगळा करून घ्या.

तास घेताना

दोन तासांनंतर पंधरा मिनिटांची सुटी, आणि ती वेळापत्रकात लिहिलेली. सलग चार तास घेतले की चौथ्याला शिक्षक बसून पाठीला बाक काढतो आणि चुका ऐकू येईनाशा होतात.

वाजवून दाखवणं चार मात्रांपुरतं ठेवा. सबंध रचना ऐकवायची असेल तर आठवड्यातून एकदा, हात गरम असताना, सगळ्यांसाठी एकदाच रेकॉर्ड करा. लय समजवायला टाळी, स्वर समजवायला गाऊन दाखवणं, बोटं समजवायला तार छेडणं पुरतं. फक्त गजाचा आवाज आणि त्याचा स्पर्श यांना पर्याय नाही. कोट्यातली मिनिटं तिथे खर्च करा. विद्यार्थ्याबरोबर एका सुरात वाजवत राहण्याची सवय सगळ्यात महाग पडते: त्याच्या मंद लयीत, त्याच्या आवाजावर मात करत तुम्ही गज दाबत असता, आणि त्याचा सूर तुम्हाला नीट ऐकूही येत नाही.

बोलताना वाद्य हनुवटीखाली धरून ठेवू नका. ते चारशे-पाचशे ग्रॅमच असतं, पण पाच मिनिटं बोलत राहिलात की मान पाच मिनिटं एका बाजूला दाबलेली राहते. वाद्य मांडीवर घ्या. विद्यार्थ्याला थांबवायचं असेल तर हात वर करा आणि तो थांबल्यावरच बोला. व्हायोलिनवर आवाज चढवून बोलणाऱ्या शिक्षकांचे गळे संध्याकाळी बसतात. लहान मुलांचा गज सुधारताना कमरेत वाकू नका. त्यांच्या उंचीचं बुटकं स्टूल घ्या आणि खाली बसा. मुलांच्या वाद्यांच्या खुंट्या कडक असतात, म्हणून सगळ्यांची वाद्यं एकामागून एक स्वतः लावत बसू नका. मोठ्यांना ते काम शिकवा आणि लहान वाद्यांना चारही तारांना फाईन ट्यूनर (सूर बारीक लावायचे छोटे स्क्रू) असू द्या.

स्वतः वाजवताना खुर्चीच्या पुढच्या कडेला बसा, कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर. उजवा पाय थोडा आत घ्या, नाहीतर ई तारेवर गज गुडघ्याला लागतो आणि खांदा वर चढतो. मांडी घालून, वाद्याचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवून वाजवणाऱ्यांच्या डाव्या हातावर भार कमी येतो, पण गुडघे आणि उजवा खुबा अवघडतो. बसायला दहा-बारा सेंटिमीटर उंच, कडक गादी घ्या म्हणजे गुडघे खुब्याच्या खाली राहतील, आणि वीस मिनिटांनी एकदा उठा.

वाद्य हाताला जुळवून घ्या

हात सुधारण्याच्या आधी वाद्य तपासा. पहिल्या पोझिशनमध्ये पहिलं बोट दुखतं तेव्हा बऱ्याचदा नट (खुंट्यांजवळची, तारा टेकतात ती आडवी पट्टी) उंच असतो. तिथे तार आणि पट्टी यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. पट्टीच्या शेवटी ई तार तीन ते साडेतीन मिलिमीटर आणि जी तार पाच ते साडेपाच मिलिमीटर उंच असते. यापेक्षा जास्त असेल तर कारागिराकडून घोडी उतरवून घ्या. एकदम फार उतरवू नका, गज जोरात लागला की तार पट्टीवर फडफडते. त्याच ब्रँडच्या कमी ताणाच्या तारा लावल्या तरी बोटांना फरक कळतो. आवाज थोडा कमी होतो, शिकवायला तो पुरेसा असतो.

जर्मन व्हायोलिनवादक लुई श्पोर यांनी १८२० च्या सुमारास चिन रेस्ट आणला तेव्हा तो वाद्याच्या मधोमध होता. पुढे तो डावीकडे सरकला. मान डावीकडे वळवताना दुखणाऱ्यांनी शेपटीच्या पट्टीवरून (तारांची खालची टोकं अडकवतात त्या पट्टीवरून) जाणारा मधला चिन रेस्ट लावून बघावा. उंची मात्र मोजून घ्या: नजर सरळ ठेवून वाद्य हासळीवर टेकवल्यावर हनुवटी आणि चिन रेस्ट यांच्यात एक बोट मावेल एवढीच फट राहावी. उरलेली उंची शोल्डर रेस्टने (वाद्याखाली खांद्यावर टेकणाऱ्या आधाराने) भरण्यापेक्षा चिन रेस्टने भरली तर डावा हात फार वर धरावा लागत नाही.

गजाची मूठ पकडताना अंगठा दुखत असेल तर तिथे रबरी नळीचा तुकडा चढवून जाडी वाढवा. बारीक वस्तू धरायला जास्त चिमटा लागतो. गजाचे केस बोथट झाले की आपण नकळत दाबून ओढतो, म्हणून रोज शिकवणाऱ्यांनी सहा ते बारा महिन्यांत केस बदलावेत. राळ जास्त लावून ते काम टळत नाही, फक्त वाद्यावर पांढरी धूळ साचते. घोडी आठवड्यातून एकदा बाजूने बघा: सूर चढवताना तारा तिला पट्टीकडे ओढतात. शेपटीकडची बाजू वाद्याच्या पाठीशी काटकोनात असली पाहिजे.

संध्याकाळ

शेवटच्या तासानंतर नवं काही वाजवू नका. कोट्यात मिनिटं उरलीच असतील तर दहा मिनिटं म्यूट (घोडीवर बसवायचा, आवाज दाबणारा तुकडा) लावून, डी आणि ए तारांवर चार ठोक्यांचे गज. मग वाद्य पुसा, गज सैल करा, वहीत मिनिटं लिहा. आठवड्यातून एक दिवस फक्त पहिली बैठक ठेवा, तीही पंधरा मिनिटांची. पूर्ण कोरडा दिवस घेतला तर दुसऱ्या दिवशी बोटं जास्त ताठ असतात असं अनेकांना जाणवतं.

कुठलं दुखणं थांबवायचं

करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर बहुधा डाव्या कोपरातली नस दाबली जाते आहे; वाजवताना कोपर खूप वाकलेलं असतं, आणि रात्री हात उशीखाली दुमडून झोपल्याने ते वाढतं. बोट वळताना अडकून टकदिशी सुटत असेल, हात डोक्याच्या वर नेताना खांद्यात तिडीक जात असेल, किंवा तळहातात गाठ येऊन करंगळी सरळ होत नसेल तर रियाजाने ते बरं होणार नाही. सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त राहतो आणि सांधे सुजलेले, गरम लागतात, तेव्हा संधिवाततज्ज्ञ गाठा. डॉक्टरांना 'हात दुखतो' एवढंच सांगू नका. वाद्य धरून दाखवा, कुठल्या तारेवर आणि किती मिनिटांनी दुखतं ते वहीतून सांगा.

आजारपणाने किंवा प्रवासाने दोन आठवडे वाद्य सुटलं तर पहिल्या दिवशी दहा मिनिटं, दोन वेळा, मधे काही तासांची फट. फक्त लांब गज आणि बोटांच्या वजनाचा व्यायाम. रोज पाच मिनिटं वाढवा. सकाळची मूठ जड लागली तर त्या दिवशी वाढ नाही. नेहमीच्या आकड्यावर येईपर्यंत तासांत वाजवून दाखवणं बंद ठेवा आणि तोवर मोठ्या विद्यार्थ्यांकडून लहानांना वाजवून दाखवून घ्या.